पिठ्या ढेकूण आणि परोपजीवी माशी : औषधी वनस्पतींच्या लागवडीतील जैविक कीडनियंत्रण

प्रास्ताविक

वनौषधी फार्मसीत दाखल होते तेव्हा तिची ओळख, आर्द्रता, भस्ममान, विजातीय द्रव्य इत्यादींची परीक्षा केली जाते. ही परीक्षा आवश्यक आहेच. परंतु तोडणीपूर्वीच्या पंधरवड्यात त्या वनस्पतीवर काय फवारले गेले, हे तिच्यातून कळत नाही. कीटकनाशकाचा अवशेष डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत स्वतंत्र व खर्चिक तपासणी करावी लागते. स्वरसासारख्या कल्पनेत तर ताजे पान कुटून त्याचा रस थेट रुग्णास दिला जातो; तेथे या अवशेषाच्या आड येणारा एकही संस्कार नसतो.

शेतकऱ्याला फवारणीचा पंप उचलण्यास भाग पाडणाऱ्या किडींमध्ये पिठ्या ढेकणाचा क्रमांक बराच वरचा आहे. या किडीचा बंदोबस्त तिच्याच नैसर्गिक शत्रूकडून, म्हणजे एका अतिसूक्ष्म परोपजीवी माशीकडून कसा होतो, याविषयीचा भारतातील अनुभव काय सांगतो, आणि त्या माशीला काम करू द्यायचे असेल तर लागवड करणारा, वैद्य व फार्मसीचालक यांनी काय पाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पिठ्या ढेकणाचे स्वरूप

पिठ्या ढेकूण हा झाडाचा रस शोषणारा मऊ अंगाचा कीटक आहे. त्याच्या शरीरावर पांढऱ्या, पिठासारख्या मेणाचा थर असतो. त्यावरून त्यास हे नाव पडले. मादीला पंख नसतात. ती एका जागी बसून रस शोषते. पपईवरील जातीची मादी कापसासारख्या पिशवीत शंभरापासून सहाशेपर्यंत अंडी घालते. अंड्यातून निघालेली सूक्ष्म पिल्ले वाऱ्याने, मुंग्यांमार्फत, मजुरांच्या कपड्यांना चिकटून आणि विशेषतः रोपांबरोबर दूरवर जातात.

प्रादुर्भावाची लक्षणे सहज दिसतात. कोवळे शेंडे आखडतात, पाने पिवळी पडतात, फळांवर व देठांवर पांढरे पुंजके जमतात. ढेकूण जो गोड चिकट स्राव टाकतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे दिसते. याच स्रावाच्या लोभाने मुंग्या ढेकणाची राखण करतात. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

पिठ्या ढेकणाच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचा शत्रू वेगळा असू शकतो. म्हणून निदान अचूक हवे. कपाशीवरील जात (फेनाकॉकस सोलेनॉप्सिस) अश्वगंधा, अतिबला, आघाडा व जास्वंद या आपल्या परिचयाच्या वनस्पतींवरही आढळते. तिच्या पाठीवर काळसर ठिपक्यांच्या जोड्या दिसतात. जास्वंद व द्राक्ष यांवर येणाऱ्या मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस या जातीचे अंग गुलाबी असते. पपईवरील जात (पॅराकॉकस मार्जिनेटस) पिवळसर असून मद्यार्कात बुडविल्यावर तिचा रंग निळसर काळा होतो. मद्यार्क प्रत्येक फार्मसीत असतो. त्यामुळे ही परीक्षा कोणालाही करता येईल. मात्र हा केवळ प्राथमिक संकेत समजावा व अंतिम निश्चिती कीटकशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी.

परोपजीवी माशीची कार्यपद्धती

येथे 'माशी' म्हणजे घरातील माशी नव्हे. ही गांधीलमाशीच्या गणातील आहे. परंतु आकाराने एक-दोन मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही लहान असते. ती माणसाला दंश करीत नाही. तिचे शस्त्र म्हणजे अंडी घालण्याची सूक्ष्म नळी. मादी पानावर चालत शृंगिकांनी ढेकणाची चाचपणी करते, योग्य वयाचा ढेकूण मिळाल्यावर त्याच्या शरीरात नळी खुपसते आणि आत अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खाते. काही दिवसांत ढेकूण मरतो. त्याचे शरीर फुगून कडक, तपकिरी कोशासारखे होते. त्यास 'ममी' म्हणतात. आतील माशी पूर्ण वाढली की ती ममीच्या टोकास गोल छिद्र पाडून बाहेर येते. पपईवरील ढेकणाच्या माशीचा हा सर्व क्रम साधारणतः दोन ते अडीच आठवड्यांत पुरा होतो.

भ्रमरकीटन्याय आपल्या परिचयाचा आहे. कुंभारीण मातीच्या घरट्यात अळी आणून कोंडते आणि काही दिवसांनी तेथून कुंभारीणच बाहेर पडते. यावरून अळीच ध्यासाने भ्रमर होते, असा दृष्टांत रूढ झाला. पाहणाऱ्यांचे निरीक्षण खरे होते. घरट्याच्या आत घडणारे मात्र दृष्टीआड होते. कुंभारीण घरट्यात अंडे घालते आणि तिचे पिल्लू त्या अळीवर पोसले जाते. पिठ्या ढेकणावरील माशीला मातीच्या घरट्याचीही गरज नसते. ढेकणाचे शरीर हेच तिचे घरटे.

जंत अथवा गोचीड आपल्या आश्रयदात्याला बहुधा जिवंत ठेवून त्यावर जगतात. ही माशी आश्रयदात्याला निश्चितपणे मारते. म्हणूनच कीडनियंत्रणात तिचे मोल आहे. शिवाय ती स्वतः शोध घेते. मेणाच्या थराखाली, पानाच्या सुरकुतीत, देठाच्या बेचक्यात दडलेल्या ढेकणापर्यंत फवाऱ्याचा थेंब पोहोचत नाही, माशी पोहोचते.

पपईचा अनुभव : २००८ ते २०११

पपई मूळची अमेरिकेतील. सोळाव्या शतकात युरोपीय दर्यावर्दींच्या वाटेने ती आशियात आली, रुजली, आणि आज डेंग्यूच्या साथीत तिच्या पानांची मागणी एकाएकी वाढते, हे सर्व वैद्यांना ठाऊक आहे. तिच्यावरील पिठ्या ढेकूणही मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. तेथे त्याचे शत्रू त्याच्यासोबत नांदत असल्याने तो कधी मोठा उपद्रवी ठरला नाही. नव्या प्रदेशात तो शत्रूंवाचून पोहोचला, तेव्हा त्याची वाढ अनिर्बंध झाली.

भारतात ही कीड २००८ मध्ये तमिळनाडूतील कोइंबतूर येथे आढळली. पपईपाठोपाठ तुती, साबुदाण्याचा कंद म्हणजे टॅपिओका, जास्वंद, मोगली एरंड अशा अनेक वनस्पतींवर ती पसरली. कर्नाटक व केरळपाठोपाठ २०१० मध्ये महाराष्ट्रात पुणे परिसरातील पपईच्या बागांतही तिची नोंद झाली. शेतकऱ्यांनी प्रोफेनोफॉस, डायमेथोएट यांसारख्या औषधांच्या फवारण्या वारंवार केल्या. उघड्यावरील ढेकूण मरत. मेणाखालील व पिशवीतील अंडी वाचत. काही आठवड्यांत बाग पुन्हा पांढरी होई. कित्येकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या.

या किडीवर परोपजीवी माश्यांचा प्रयोग प्वेर्तो रिको व डॉमिनिकन प्रजासत्ताक येथे पूर्वी झाला होता. माश्या सोडल्यानंतर तेथील ढेकणांची संख्या अनुक्रमे सुमारे ९७ व ९९.७ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने (आजचे नाव राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो) अमेरिकी कृषी विभागाच्या प्वेर्तो रिकोतील केंद्रातून जुलै २०१० मध्ये ॲसेरोफेगस पपाये, ॲनागायरस लोएकी व स्यूडलेप्टोमॅस्टिक्स मेक्सिकाना या तीन जाती आणविल्या. संगरोधात त्यांची तपासणी करून, त्यांची संख्या वाढवून, ऑक्टोबर २०१० पासून त्या तमिळनाडूत व पुढे इतर राज्यांत सोडण्यात आल्या. यांपैकी ॲसेरोफेगस पपाये ही जात सर्वांत प्रभावी ठरली. ती ढेकणाच्या दुसऱ्या अवस्थेतील पिल्लांना पसंती देते, म्हणजे ढेकूण प्रजननक्षम होण्यापूर्वीच त्याला गाठते. २०११ च्या पूर्वार्धात सोडलेल्या भागांतून कीड झपाट्याने ओसरली. माशी रुजली, स्वतःच पसरली आणि तिला दरवर्षी नव्याने सोडण्याची गरज उरली नाही.

झाड प्रथम आले, त्याची कीड शतकांनंतर आली, आणि किडीचा शत्रू सर्वांत शेवटी आणावा लागला. परकीय किडीच्या मूळ प्रदेशातून तिचा शत्रू आणून रुजविण्याच्या या पद्धतीस शास्त्रीय जैविक नियंत्रण म्हणतात.

आणखी दोन उदाहरणे

आफ्रिकेत १९७० च्या दशकात टॅपिओकावर दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पिठ्या ढेकणाने कोट्यवधी लोकांच्या मुख्य अन्नावर संकट आणले. १९८१ मध्ये त्याची परोपजीवी माशी (ॲनागायरस लोपेझी) पराग्वेत सापडली व त्याच वर्षी नायजेरियात सोडण्यात आली. या मोहिमेचे नेतृत्व करणारे स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हाच ढेकूण २०२० मध्ये केरळात आढळला आणि तमिळनाडूतही पसरला. आपल्या उपवासाच्या साबुदाण्याचा मोठा भाग तमिळनाडूतील सेलम परिसरातून येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या किडीचे गांभीर्य कळेल. तीच माशी आफ्रिकेतील बेनिनमधून आणवून २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडण्यात आली.

दुसरे उदाहरण कपाशीचे. २००६ च्या सुमारास गुजरात, पंजाब, महाराष्ट्र येथील कपाशीवर फेनाकॉकस सोलेनॉप्सिसचा उद्रेक झाला. २००८ मध्ये त्याच्यावर एक परोपजीवी माशी आढळली. तिला कोणीही मुद्दाम आणले नव्हते. भारतीय शास्त्रज्ञ बंबावाले यांच्या नावावरून तिचे एनॅसियस बंबावालेई असे नामकरण झाले. पुढे ती अमेरिकेतील पूर्वज्ञात एनॅसियस ॲरिझोनेन्सिसच असल्याचे ठरले. अश्वगंधेवर हाच ढेकूण आढळल्यास या माशीच्या तपकिरी लालसर, पिंपाच्या आकाराच्या ममी जवळपास आहेत का, हे प्रथम शोधावे. शत्रू आधीच मळ्यात असू शकतो. आपण त्याला पाहिलेले नसते, एवढेच.

फवारणीने काय बिघडते

ढेकणाला मेणाचे कवच आहे, माशीला नाही. ती दिवसभर पानावर उघडी फिरते. म्हणून एकाच फवारणीत ढेकूण अंशतः मरतो व माशी बहुतांशी नष्ट होते. पुढील पिढीतील ढेकूण शत्रूविरहित मळ्यात वाढतो, शेतकरी पुन्हा फवारतो, आणि हे चक्र तोडणीपर्यंत चालते. रोग्याचे बल क्षीण करणारी आणि दोष मात्र शिल्लक ठेवणारी चिकित्सा जशी, तशी ही फवारणी होय.

आयुर्वेदीय वर्गात एक समज आहे की वनस्पतिजन्य द्रव्य फवारले तर हानी नाही. तो तपासून घ्यावा. निंबतेल अथवा साबणाचे पाणी यांचा परिणाम फार काळ टिकत नाही व ममीतील अळी बरीचशी सुरक्षित राहते, हे खरे; परंतु फवाऱ्यात भिजलेली माशी त्यानेही मरते. शिवाय तुळशीसारख्या गंधप्रधान पानावर निंबतेलाचा लेप बसला तर द्रव्याच्या गंध-रसात फरक पडतो. म्हणून अशी द्रव्ये सर्व मळ्यावर न फवारता, प्रादुर्भाव झालेल्या शेंड्यापुरती व तोडणीच्या बऱ्याच आधी वापरावीत.

चिकित्सासूत्राची चौकट

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींच्या संदर्भात अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असा त्रिविध उपक्रम सांगितला आहे. ते विवेचन मानवी शरीरातील कृमींविषयी आहे. परोपजीवी माशीचा उपयोग आधुनिक कीटकशास्त्राची देणगी असून तो प्राचीन ग्रंथांच्या नावे खपविणे योग्य नाही. तथापि क्रम ध्यानात ठेवण्यासाठी ही चौकट वैद्यांना सोयीची आहे.

अपकर्षण म्हणजे कीड हाताने दूर करणे. अधिक प्रादुर्भाव झालेले शेंडे छाटावेत. परंतु त्यांवर ममी दिसत असतील तर जाळून न टाकता पुढे सांगितल्याप्रमाणे ठेवावेत.

निदानपरिवर्जन म्हणजे कारण टाळणे. बाधित रोपे आणू नयेत. नत्रखताचा अतिरेक टाळावा, कारण कोवळी रसाळ वाढ ढेकणाला मानवते. बांधावरील गाजरगवत व अन्य आश्रयी तणे काढावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुंग्यांचा बंदोबस्त करावा. मुंग्या माशीला हुसकावतात. माशी असूनही ढेकूण कमी होत नसेल तर प्रथम मुंग्यांची रांग शोधावी. खोडास कापडाची पट्टी बांधून तिच्यावर चिकट द्रव्य लावल्यास मुंग्यांची वाट बंद होते.

प्रकृतिविघात म्हणजे किडीच्या वाढीस प्रतिकूल स्थिती निर्माण करणे. परोपजीवी माशीचे रक्षण येथे येते. क्रिप्टोलीमस हा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला भुंगेराही ढेकूण खातो. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणाचे तंतू असल्याने ती मोठ्या ढेकणासारखी दिसते आणि अज्ञानाने मारली जाते. ढेकूण जवळजवळ स्थिर असतो. ही अळी चपळपणे हिंडते. एवढ्या फरकावरून ती ओळखावी.

मळ्यातील निरीक्षणविधी

१. मळ्यात निरनिराळ्या ठिकाणची दहा झाडे निवडून खुणा कराव्यात. आठवड्यातून एकदा भिंगाने पाहून जिवंत ढेकूण व ममी यांची संख्या वहीत लिहावी.

२. ममी आढळल्यास ती पाने रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवून तोंडास मलमलीचे घट्ट विणीचे कापड बांधावे. बरणी सावलीत तीन आठवडे ठेवावी. कापडाखाली अथवा प्रकाशाच्या बाजूस जमणारे सूक्ष्म कीटक दिसले तर शत्रू मळ्यात हजर आहे, असे समजावे.

३. बाहेर आलेल्या माश्या सायंकाळी अथवा सकाळी, ऊन कमी असताना, ढेकूण असलेल्या झाडाजवळ बरणी उघडून सोडाव्यात. पाने मात्र बरणीतच राहू द्यावीत. अन्यथा त्यांवरील जिवंत ढेकूण निरोगी झाडांवर जाईल.

४. ममींचे प्रमाण आठवड्यागणिक वाढत असेल तर फवारणी करू नये. या काळात ढेकूण दिसत राहतो. माशीच्या एक-दोन पिढ्या होईपर्यंत धीर धरावा लागतो.

५. महिनाभरात एकही ममी न आढळल्यास ढेकणाची जात निश्चित करून घ्यावी व कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र अथवा बंगळूरच्या ब्यूरोकडे योग्य मित्रकीटकाची चौकशी करावी. परदेशातून कीटक आणणे हे शासकीय संगरोधाचे काम आहे. ते खासगीरीत्या कधीही करू नये. एका जातीची माशी दुसऱ्या जातीच्या ढेकणावर उपयोगी पडेलच असे नाही, आणि आयात केलेली प्रत्येक माशी रुजतेच असेही नाही.

फार्मसीचालकांची भूमिका

कच्चे द्रव्य कीटकरहित असावे, ही अपेक्षा योग्यच आहे. पिठ्या ढेकूण लागलेले अथवा काजळी धरलेले पान औषधात जाता कामा नये. अडचण येते ती ही अपेक्षा मळ्यापर्यंत कशी पोहोचते येथे. खरेदीदार फक्त 'माल स्वच्छ हवा' एवढेच सांगतो; शेतकरी त्याचा अर्थ 'तोडणीपूर्वी एक हात मारून घे' असा करतो. पान पांढरे न दिसता हिरवेगार दिसते, फार्मसीत पास होते, आणि जे टाळावयाचे ते दृष्टीआड होऊन आत येते.

यावर उपाय म्हणजे खरेदीच्या अटी स्पष्ट करणे. शेवटची फवारणी कोणत्या द्रव्याची व कोणत्या तारखेस केली, याची लेखी नोंद पुरवठादाराकडून घ्यावी. बाधित पाने निवडून वेगळी काढण्याची मजुरी दरात धरावी. निवडणीचा खर्च फवारणीहून अधिक पडला तर शेतकरी फवारणीच करणार. वर्षातून काही नमुने अवशेष तपासणीस पाठवावेत. आयुर्वेदिक फार्माकोपियात कीटकनाशक अवशेषांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये व राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने २००९ मध्ये औषधी वनस्पतींच्या उत्तम लागवडीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. फार्मसीने स्वतःची खरेदीपत्रिका तयार करताना त्यांचा आधार घ्यावा.

ताज्या पपईपानाची मागणी साथीच्या दिवसांत एकाएकी वाढते, तेव्हा बाजारातील कोणत्याही बागेचे पान उचलले जाते. फळासाठी लावलेल्या बागेत पान औषध म्हणून घेतले जाईल, असे शेतकऱ्याच्या मनातही नसते व त्याची फवारणी फळाच्या हिशेबाने चाललेली असते. म्हणून ज्या वैद्यांना पपईपानाचा वापर करावयाचा आहे, त्यांनी फवारणी न होणारी चार झाडे स्वतःच्या देखरेखीखाली ठेवणे हितावह होय. अशा झाडांवर थोडा ढेकूण येईल. काही आठवड्यांत त्यावर ममीही दिसू लागतील.

स्वाध्याय

१. एकाच मळ्यातील जास्वंदीवर व पपईवर पिठ्या ढेकूण आहे. दोन्हीची जात एकच आहे की भिन्न, याचा प्राथमिक अंदाज कसा घ्याल?

२. ममी विपुल आहेत, तरी ढेकूण कमी होत नाही. कोणती कारणे क्रमाने तपासाल?

३. आपल्या फार्मसीच्या खरेदीपत्रिकेत 'माल स्वच्छ असावा' या वाक्याऐवजी कोणती वाक्ये लिहाल?